स्तुती धरली जाणार नाही

जिनिव्हाला मी जाणार होते. तसं कुणी कबूल केलं नव्हतं, पण मनातल्या मनात माझी बॅग भरून झाली होती. वर्ध्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली. देशादेशांचे करार, मानवी हक्कांचे जाहीरनामे, कोणत्या देशानं कशावर सही केली आणि कशावर करायची टाळली, हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवलं, आणि ज्या सभागृहांत हे घडतं त्यांतलं एकही कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. निवृत्ती पुढच्या वर्षावर येऊन ठेपली होती. आता नाही तर कधीच नाही, असं ते वय.

त्यात ते आवाहन आलं. परदेशातल्या काही प्राध्यापकांनी मिळून काढलेलं होतं. देशांनी एकमेकांच्या मानवी हक्कांची तपासणी करायची असेल तर ती न्याय्य कशी करावी, याचा आराखडा त्यांनी जगभरच्या शिक्षकांकडून मागवला होता. आमच्या भागातून एकच आराखडा निवडला जाणार, आणि तो लिहिणाऱ्यानं जिनिव्हाला जाऊन वेगवेगळ्या देशांच्या प्रतिनिधींसमोर मांडायचा. मी ते वाचलं आणि वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय. नवऱ्याला सांगितलं. त्याचं कापडाचं दुकान आहे, त्यामुळे कोणत्याही गोष्टीचा ताणा-बाणा तो आधी बोटानं चाचपून बघतो. तो म्हणाला, "जिनिव्हात तुले कोण ओळखते? आधी आपल्या बोरगाव मेघेत त ओळखू दे."

मी मनावर घेतलं नाही. माझं डोकं आराखड्यात गुंतलं होतं.

या तपासणीतली अडचण काय, ते मी वर्गात सावडीवरून सांगत आले. माझं माहेर समुद्रपूरकडचं. तिकडे शेतीच्या कामात सावड असते. आज तुम्ही माझ्या वावरात निंदायला या, उद्या मी तुमच्या वावरात येते. कामाला ही पद्धत फार चांगली. पण देश एकमेकांची तपासणी करतात तेव्हाही सावडच करतात. एका देशाची पाळी आली की त्याचे सगेसोयरे आधी माईकपाशी पोचतात आणि वेळ कौतुकात घालवतात. शिफारस काय करतात, तर आपले स्तुत्य प्रयत्न असेच चालू ठेवावेत. उद्या यांची पाळी आली की तो परतफेड करतो. ज्यांचं पटत नाही ते देश उलट करतात, त्यांना समोरच्याचं काहीच चांगलं दिसत नाही. दोन्हीकडे ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस होता तिथेच राहतो.

आराखड्याची सुरुवात मी या सावडीनंच केली, आणि यावर माझा उतारा होता चिठ्ठ्यांचा. कोण कोणाला तपासणार ते चिठ्ठीनं ठरायचं. लहान-मोठा प्रत्येक देश सारख्याच वेळा उभा राहणार, सारखाच वेळ. शिफारस अशी हवी की पुढच्या फेरीला ती झाली की नाही हे तपासता यावं, आणि पुढची फेरी मागच्या वचनांपासूनच सुरू व्हावी. मी महिनोन्‌महिने त्यावर बसले. लिहायचं, फाडायचं, पुन्हा लिहायचं. सगळी सुट्टी त्यात गेली.

आता तिच्याबद्दल सांगते, म्हणजे माझ्या पोटात का दुखत होतं ते कळेल.

ती माझीच विद्यार्थिनी. वडनेरची, शेतकऱ्याच्या घरची. एमएला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि तोंड उघडायची नाही. पुढे तिनं नेट काढली, पीएचडी केली, आणि आमच्याच विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली. तेव्हा मी सगळ्यांना पेढे वाटले होते. ते पेढे मला पुढे फार महाग पडले, असं मी नवऱ्याला म्हणते.

कारण मुलं तिच्याच टेबलाभोवती असायची. माझ्या टेबलापाशी येणारी मुलंसुद्धा मान तिकडे वळवून बोलायची. ती वर्गात वऱ्हाडीत बोलते. मी आयुष्यभर घासूनपुसून प्रमाण मराठी केली, आणि ही बिनधास्त "काऊन रे, वाचलं नाई का?" म्हणते आणि पोरं जीव टाकतात. इंग्रजी बोलते तेही तसंच, अडखळली तर हसून पुढे जाते. मी अडखळले तर रात्रभर तो शब्द खात बसते. तिचा नवरा तिला डबा करून देतो. कोथिंबीर भरलेली सांबारवडी असली की आधी माझ्यापुढे डबा धरते, आणि ती सांबारवडी इतकी छान असते की मला तीही खुपते. माझ्याशी ती कधी वावगं वागली नाही. वागली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिनंही आराखडा पाठवला, हे मला शेवटच्या आठवड्यात कळलं. पंधरवड्यात लिहिला म्हणाली, सहजच. ते 'सहजच' माझ्या डोक्यात गेलं. मी महिनोन्‌महिने घासत बसले आणि हिनं सहज पाठवला. मी म्हटलं, अरे वा. आणि चहा न पिताच वर्गावर निघून गेले.

त्या गटाची निवडीची पद्धत विषयाला साजेशी होती. बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांना तपासायचं. नावं काढून टाकलेले तीन-तीन आराखडे प्रत्येकाला चिठ्ठीनं दिले जाणार, आणि प्रत्येकानं त्यांचं परीक्षण लिहायचं. नियम एकच, पण ठळक अक्षरात होता. परीक्षणात उणीव आणि सुधारणा दोन्ही दाखवलेल्या असल्या पाहिजेत, नुसती स्तुती असेल तर ते परीक्षण धरलं जाणार नाही. ज्या आराखड्याचं एकही परीक्षण असं बाद झालं तो पुढे जाणार नाही. परीक्षणं आली की लिहिणाऱ्याला एकदा दुरुस्तीची संधी. मला हा नियम फार आवडला. सावडीला यानंच वेसण बसेल, असं मी नवऱ्याला जेवताना समजावून सांगितलं. त्यानं वरण मागितलं.

माझ्याकडे आलेला पहिला आराखडा कंटाळवाणा होता, दुसरा बरा. तिसरा उघडला आणि दुसऱ्याच परिच्छेदात मला कळलं, ही तीच.

त्यात एका गावाची गोष्ट होती. ग्रामसफाईच्या स्पर्धेत शेजारच्या गावची समिती तपासायला आली. गावानं त्यांना सडा-रांगोळीच्या रस्त्यानं फिरवलं, सरपंचाच्या घरी जेवू घातलं, आणि मागच्या वस्तीकडे कुणी वळूच दिलं नाही. समितीनंही वळायचा आग्रह धरला नाही, कारण दोन दिवसांनी त्यांच्याच गावाची तपासणी होती. शेवटी मागच्या वस्तीतली एक बाई उठली आणि समितीच्या माणसांना तिकडे घेऊन गेली. ही गोष्ट तिच्या मामाच्या गावची. एमएला असताना एकदा, एकदाच, तिनं वर्गात तोंड उघडलं होतं ते ही गोष्ट सांगायला. मी तेव्हा तिला शाबासकी दिली होती.

ओळखीचं निघालं तर कळवा, असं त्यांच्या सूचनांत कुठे आहे का, ते मी दोनदा पाहिलं. नव्हतं. त्यांच्या पद्धतीतली ही मोठी चूक, आणि ती माझ्या पथ्यावर पडली.

आराखडा चांगला होता. चांगला होता म्हणजे किती, तर वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तपासणी कुठून सुरू करायची ते सरकारनं ठरवायचं नाही, मागच्या वस्तीतल्या माणसांनी ठरवायचं, हा तिचा मुद्दा. दुसरा मुद्दा असा, की दुसऱ्या देशाला प्रश्न विचारणाऱ्यानं आधी त्या प्रश्नावर आपल्या घरची परिस्थिती सांगायची. तुरुंगांबद्दल बोलायचंय, तर पहिल्यांदा तुझे तुरुंग सांग. इतकं साधं, आणि मला ते सुचलं नव्हतं.

मग मी जे वाचन केलं तसं मी माझ्या स्वतःच्या प्रबंधाचंही केलं नसेल. प्रत्येक वाक्य उलटं करून पाहिलं. कूलरचं पाणी संपून तो नुसताच घरघरत होता तरी मला पत्ता नव्हता. चुका हव्या होत्या आणि मी त्या शोधून काढल्या. मागच्या वस्तीतली माणसं निवडणार कोण? सरकार आपलीच माणसं तिथे नेऊन बसवील, त्यावर तिच्याकडे काय उत्तर आहे? आधी घरचं सांगा म्हटल्यावर ज्यांच्या घरात सगळ्यात जास्त घाण आहे ते देश प्रश्नच विचारणार नाहीत, आणि गप्प राहणं सगळ्यांच्या सोयीचं होईल. गप्प बसणाऱ्याला बोलायला लावणारा नियम कुठे आहे? मागच्या फेरीच्या वचनांचं काय झालं, हे कोण विचारणार? सगळं मुद्देसूद, उदाहरणांसकट, आणि प्रत्येक उणिवेखाली काय करता येईल तेही लिहिलं, कारण नियमच तसा होता. एक शब्द खोटा लिहिला नाही. पण ते लिहिताना मला जो आनंद होत होता तो न्यायाचा नव्हता, हे मला लिहितानाच माहीत होतं.

नवरा डोकावून म्हणाला, "कोणावर एवढी भडकून राह्यली?" मी म्हटलं, परीक्षण आहे, तटस्थपणे करावं लागतं.

निकालाच्या दिवशी ऑनलाइन बैठक होती. पडद्यावर चौकोनाचौकोनात चेहरे, त्यांत एक तिचा, मागे तिच्या घरातली फडताळं. समन्वयक बाईंनी निवडलेल्या आराखड्याबद्दल आधी सांगितलं. मूळ आराखडा कच्चा होता, पण त्याला एक विलक्षण कसून केलेलं परीक्षण मिळालं आणि दुरुस्तीनंतर तो सगळ्यांच्या पुढे निघून गेला, असं त्या म्हणाल्या. इतकं उपयोगी परीक्षण या फेरीत दुसरं नव्हतं. मग त्यांनी तिचं नाव घेतलं.

मी टाळ्या वाजवल्या. माझा माईक बंद होता, त्यामुळे त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

माझा आराखडा शेवटच्या यादीतही नव्हता. बैठकीनंतर मी त्यांना कारण विचारलं. त्या अगदी सौजन्यानं बोलल्या. दोन परीक्षणं चांगली होती. तिसऱ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती स्तुती होती, सुधारणेसाठी एक ओळही नाही. नियमाप्रमाणे ते धरता आलं नाही, म्हणून आराखडा पुढे आला नाही. त्यांना त्याचं वाईट वाटत होतं.

कोण हा मूर्ख, म्हणून मी दोन दिवस घरात आदळआपट केली. एवढा ठळक नियम ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याचा आराखडा काय वाचणार? नवऱ्याला मी हे इतक्यांदा ऐकवलं की तो रविवारीसुद्धा दुकानात जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली. हातात गोरसपाकचा, वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचा पुडा. वाकून नमस्कार केला, पुडा टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली. मी अभिनंदन वगैरे म्हटलं. ती बसेना.

"मॅडम, तुमच्या आराखड्याचं ते एक परीक्षण धरलं नाई म्हणतात," ती म्हणाली. "ते मी लिवलं होतं."

मला आधी ते नीट कळलंच नाही. मग एकदम कळलं. "काऊन?" माझ्या तोंडून गेलं. ठेवणीतली मराठी कुठल्या कुठे गेली.

"सावडीचं वाचलं अन् मले समजलं का हे तुमचं आहे. एमएच्या पहिल्या तासाले तुमी तेच सांगितलं होतं. मंग चूक काढाले हातच उठला नाई."

"नियम वाचला नव्हता?"

"वाचला होता. पन तिन्ही लागतात हे ध्यानात नाई राह्यलं. मले वाटलं, दोन परीक्षणं त दुसऱ्याची आहेत. एकानं काय होते?"

मी विचारू नये ते विचारलं. "म्हणजे चुका होत्या?"

ती पुड्याच्या दोऱ्याशी चाळा करत राहिली. मग हळू म्हणाली की दोन होत्या. पहिली चिठ्ठीची. चिठ्ठी सगळ्यांना सारखं करते, पण भीती सगळ्यांना सारखी नसते. शेजारच्या बलाढ्य देशाकडून ज्याचं धान्य येतं अशा लहानग्या देशाच्या वाट्याला त्याच शेजाऱ्याची चिठ्ठी आली तर तो काय बोलणार? माझ्या आराखड्यात त्याला सुटका नव्हती. हे खरं होतं. सगळी सुट्टी मी त्या चिठ्ठ्यांवर बसले होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

"अन् दुसरी?"

"तुमच्या आराखड्यात लोकं कुठंच बोलत नाईत, मॅडम. सरकारं बोलतात, अभ्यासक बोलतात. ज्याच्यावर बेतली तो माणूस कुठंच नाई."

कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. तिला हे सगळं दिसलं होतं, आणि माझा आब राखायला तिनं ते गिळलं होतं. म्हणजे लिहिण्यात ती माझ्या पुढे होती, वाचण्यातही पुढे, आणि वर मनानंही मोठी. माझ्यासाठी तिनं काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. मला तिचा त्या क्षणी जितका हेवा वाटला तितका जिनिव्हासाठीही वाटला नव्हता.

"तुझ्या आराखड्याचं ते कसून केलेलं परीक्षण," मी म्हटलं, "ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "वाचून दोन दिवस जेवण गेलं नाई मले. मंग सगळं नव्यानं लिवलं. एवढं जीव लावून दुसरं कोण वाचते?"

"जीव लावून नाही. जळून वाचलं."

ती हसली. मी थट्टा करते आहे असं तिला वाटलं. मी थट्टा करत नव्हते, पण एकच खरं बोलून मी दमले होते, दुसऱ्यांदा सांगायचं बळ नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

परत आले तर तिनं पिशवीतून कागद काढले होते. जिनिव्हात करायचं भाषण. तिकडचं सगळं जगभर इंटरनेटवर दाखवणार होते. परवा पाठवायचं होतं, आणि तिची इच्छा होती की मी त्याच्यावरही तसंच लिहून द्यावं. "बिलकुल सोडू नका मले," म्हणाली, आणि गोरसपाक खात खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मी वाचायला घेतलं. एव्हाना मला एक गोष्ट स्वच्छ कळली होती. मी हिच्या जितक्या चुका काढते तितकी ही वर जाते. हिला खाली आणायचं असेल तर माझ्या हातात एकच उपाय आहे. छान आहे म्हणायचं, गोड हसायचं आणि कागद परत द्यायचे. तिनं माझं जे भाबडेपणानं केलं, ते मी जाणूनबुजून करायचं. कुणाला काही कळलंही नसतं.

भाषण खरोखर छान होतं. तिसऱ्या पानावर मागच्या वस्तीतली ती बाई आली. आराखड्यात ती नुसती 'एक बाई' होती. इथं तिला घर मिळालं होतं, विहिरीला लागून असलेलं शेवटचं. शिलाई मशीन मिळालं होतं. समितीला वस्ती दाखवल्यावर गावातल्या कोणत्या घराण्यानं तिच्याकडे कपडे टाकणं बंद केलं, तेही होतं. ती आजही त्याच घरात राहते, असं वाक्य होतं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. सभागृहात सगळ्यांच्याच आला असता. मग मी तेच पान पुन्हा वाचलं आणि वेगळाच काटा आला. ही टाळ्या घेऊन तिथून निघेल. गावातली पोरं मोबाईलवर भाषण बघतील. ती बाई मात्र विहिरीशेजारच्या त्याच घरात असेल, आणि त्या घराण्याचं दार तिच्यापासून किती लांब असणार?

छान आहे, हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. अगदी टोकाशी.

"इकडं ये," मी म्हटलं. "ही बाई आहे का अजून तिथं?"

"आहे ना. मागच्याच महिन्यात भेटली."

"तिले विचारलं का तू, हे तिथं सांगू का म्हणून?"

तिच्या हातातला गोरसपाक तसाच राहिला. चेहरा पडला, अगदी पांढरा पडला. हा चेहरा असा पडलेला बघायची मला किती दिवसांची इच्छा होती, ते मलाच माहीत. तो बघून बरं वाटलंही, पण ते फार टिकलं नाही.

मग आम्ही दोघी टेबलाशी बसून त्या बाईला लपवत गेलो. आधी विहीर काढली, मग मशीन, मग घराणं, मग 'आजही' हा शब्द. साक्ष देणारा माणूस नंतर त्याच गावात राहणार असतो, त्याची काळजी तपासणी करणाऱ्यांनी घ्यायची, असा एक नवा मुद्दा त्या जागी आला. तो बोलून दाखवला मी आणि लिहिला तिनं. बाई पुसली गेली आणि भाषण आधीपेक्षा चांगलं झालं, इतकं चांगलं की मला ते सहन होईना. ते घेऊन जिनिव्हाला ती जाणार होती. मी पेन पुन्हा हातात घेतलं आणि तिला शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगितलं, कारण त्यातही एक वाक्य ढिलं होतं.